फायकसची पानं वर्षातून दोनदा का झडतात?

घरात ठेवलेला फायकस, म्हणजे बारीक चकचकीत पानांचा, फांद्या खाली झुकलेला बेंजामिना, मराठवाड्यातल्या घरांत साधारण दोनदा पानं टाकतो. एकदा होळी झाल्यावर, आणि एकदा दसरा-दिवाळीच्या सुमारास. मधल्या काळात झाड सुधारतं, शेंड्यांना पोपटी पालवी फुटते, आता हे लागलं असं वाटतं. आणि मग एका सकाळी पुन्हा फरशीवर पानांचा सडा. घाबरून लोक खत घालतात, औषध फवारतात, कुंडी बदलतात, झाड या खोलीतून त्या खोलीत नेतात. यातल्या प्रत्येक उपायाने पानगळ वाढते.

हा बहुतेक वेळा रोग नसतो. वड, पिंपळ आणि उंबर ज्या वंशातले, त्याच वंशातलं हे झाड आहे. चिवटपणा त्याच्या रक्तात आहे. फक्त परिस्थिती बदलली की ते आधी पानं टाकतं आणि नव्या परिस्थितीला साजेशी पानं नंतर काढतं. पानगळ आज दिसते, पण तिचं कारण बहुधा दोन-तीन आठवड्यांपूर्वी घडलेलं असतं. म्हणून ‘काय घालू?’ हा प्रश्न बाजूला ठेवा आणि ‘घरात काय बदललं?’ हे आठवायला बसा. होळीनंतर आणि दिवाळीच्या आधी आपल्या घरांत बरंच काही बदलतं.

आधी पडलेली पानं उचलून बघा

केरात टाकण्याआधी दहा-पंधरा पानं हातात घ्या. पानं हिरवीगार असतील, देठासकट सुटलेली, फांदीला नुसता धक्का लागला तरी पडणारी, तर झाडाला अचानक धक्का बसला आहे: जागा बदलली, उजेड कमी झाला, वाऱ्याचा झोत लागला किंवा मुळं पूर्ण सुकली. आतल्या बाजूची जुनी पानं आधी पिवळी पडून सावकाश गळत असतील, तर ओल जास्त आहे किंवा उजेड फार दिवसांपासून अपुरा आहे. पानं झाडावरच आहेत पण कडा तपकिरी, कुरकुरीत झाल्यात, तर कोरडी हवा आणि पाण्यातले क्षार तपासा. शेंड्याची कोवळी पानं पिवळी आणि त्यांच्या शिरा मात्र हिरव्या, ही तऱ्हा वेगळी. तिच्याकडे पुढे येतो. आणि पान मधल्या शिरेवर शेंगेसारखं दुमडलेलं असेल तर ते उघडून बघा, आत काळे बारीक फुलकिडे वळवळताना दिसतील.

वर्षभर अधूनमधून दोन-चार जुनी पानं पिवळी होऊन पडणं हे नेहमीचं. त्याच्यामागे लागू नका.

उन्हाळ्यातली पानगळ पडद्यापासून सुरू होते

मार्चच्या मध्यापासून आपल्याकडे सकाळी दहा-अकरालाच खिडक्या लागतात, जाड पडदे ओढले जातात. एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ अंशांवर जातो, त्यामुळे दुसरा इलाजही नसतो. पण माणसाला गारवा देणारा हा अंधार फायकसची उपासमार करतो. आपल्या डोळ्यांना फरक कळत नाही, कारण ते लगेच सरावतात. भर दुपारच्या मोकळ्या उन्हात उजेड सुमारे १ लाख लक्स (लक्स हे उजेड मोजायचं माप) असतो. उघड्या खिडकीपासून दोन-तीन फुटांवर तो दोन-एक हजारांवर येतो, आणि पडदा ओढलेल्या दिवाणखान्याच्या कोपऱ्यात शंभर-दोनशे लक्ससुद्धा मुश्किलीने मिळतात. मोबाईलवर उजेड मोजणारं फुकट अ‍ॅप मिळतं; आकडा अगदी अचूक नसला तरी दोन जागांतला फरक कळायला पुरेसा आहे. फायकसला दिवसभर दीड-दोन हजार लक्स तरी मिळावेत. पांढऱ्या कडांच्या ‘स्टारलाइट’सारख्या जातीला त्याहून जास्त लागतं, कारण तिच्या पानात हिरवा भागच कमी.

उपाय साधा आहे. घरातली एक खिडकी, शक्यतो पूर्वेची, झाडासाठी राखून ठेवायची. तिला जाड पडदा नको, पातळ पांढरं कापड लावा. सकाळचं कोवळं ऊन फायकसला चालतं. पश्चिमेची खिडकी मात्र एप्रिल-मेमध्ये टाळा. दुपारी तीननंतरचं ऊन काचेतून पानं भाजून काढतं. पूर्वेची खिडकी नसेल तर उत्तरेच्या खिडकीला अगदी चिकटून ठेवा. जुन्या दगडी वाड्यातल्या माजघरासारख्या जागेत फायकस टिकत नाही. तिथे हट्ट करण्यापेक्षा रबर प्लँट लावा. तोही फायकसच, पण कमी उजेड बराच सोसतो.

नवं आणलेलं झाड पहिल्या महिन्यात निम्मं रिकामं होतं, त्याचं कारणही हेच. आपल्याकडच्या रोपवाटिकांत येणारी बरीच झाडं आंध्रातल्या राजमहेंद्रीजवळच्या कडियमहून किंवा पुण्याच्या बाजूने येतात. कडियम गोदावरीच्याच काठी, पण पार समुद्राजवळच्या दमट त्रिभुज प्रदेशात. भरपूर उजेडात तयार झालेली पानं जाड आणि लहान असतात. सावलीत ती झाडाला परवडत नाहीत. झाड ती टाकतं आणि पातळ, रुंद पानं काढतं. म्हणून नवीन झाड थेट टीव्हीशेजारी नेऊन ठेवू नका. आठवडाभर गॅलरीत हिरव्या जाळीखाली, मग आठवडाभर दाराजवळ, मग खिडकीशी, असं तीन-चार आठवड्यांत आत आणा. एकदा जागा ठरली की मग हलवायचं नाही.

दिवाळीची पानगळ या हलवाहलवीतून येते. पावसाळाभर गॅलरीत मजेत वाढलेलं झाड पाहुणे येणार म्हणून एका दिवसात बैठकीत येतं. किंवा रंगकाम निघतं आणि झाड आठ दिवस जिन्याखाली जातं. रंगकाम टळत नसेल तर झाड तितक्याच उजेडाच्या दुसऱ्या खिडकीशी ठेवा, आणि परत आणताना त्याचं तोंड पूर्वीच्याच दिशेला राहील असं बघा. कुंडीवर खडूने खूण केली की काम सोपं होतं.

पाण्याचा दिवस

आता खऱ्या दुखण्याकडे. आपल्या शहरांत नळ रोज येत नाही. कुठे चार दिवसांनी, कुठे आठ दिवसांनी, उन्हाळ्यात त्याहून उशिरा. त्यामुळे झाडांचं पाणी झाडाच्या गरजेवर नाही, नळाच्या पाळीवर ठरतं. पाणी सुटलं की टाक्या, पिंप, हंडे भरून झाले की उरलेलं पाणी कुंड्यांत धो धो. मग पुढची पाळी येईपर्यंत थेंबही नाही. फायकसच्या मुळांचा एकदा श्वास कोंडतो, एकदा घसा कोरडा पडतो. दोन्हींचा परिणाम एकच, पानगळ. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, त्या मराठवाड्यात झाडाला रोज पाणी घाला असं मी कुणाला सांगणार नाही. तेवढ्याच पाण्यात भागतं. ते एका दिवशी न ओतता वाटून घालायचं, एवढंच.

लातूरच्या आमच्या वहिनींशी फोनवर झालेलं बोलणं इथे सांगण्यासारखं आहे.

‘भाऊजी, पाणी तर भरपूर घालते की मी. नळ सुटला की आधी झाडांनाच.’

‘वहिनी, घातल्यावर खाली बशीत पाणी येतं का?’

‘येतं ना, लगेच येतं.’

या ‘लगेच’मध्येच सगळं उत्तर होतं. आपली काळी माती ओली झाली की फुगते, सुकली की आकसते. शेतात उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, तेच कुंडीत लहान प्रमाणात घडतं. मातीचा गोळा आकसून कुंडीच्या कडेपासून सुटतो आणि चहूबाजूंनी बोटभर फट पडते. वरून घातलेलं पाणी त्या फटीतून सरळ बुडाच्या भोकातून बशीत उतरतं. बशी भरलेली दिसते, आणि मधला मुळांचा गोळा ठणठणीत कोरडा. कुंडीच्या कडेला बोट घालून बघा, बोट सहज खाली गेलं तर तुमच्याकडेही हेच चाललंय.

अशा वेळी वरून कितीही ओतलं तरी उपयोग नाही. बादलीत किंवा घमेल्यात पाणी घेऊन कुंडी निम्म्यापर्यंत बुडेल अशी अर्धा-पाऊण तास ठेवा. माती खालून पाणी ओढून घेईल, वरचा थर ओलसर दिसला की बाहेर काढून नीट निथळू द्या. बादलीतलं उरलेलं पाणी दुसऱ्या झाडांना घाला. नंतर काडीने वरची माती हलकेच मोकळी करून फट बुजवा.

रोजच्या पाण्यासाठी वार ठरवू नका. उदबत्तीची जळून उरलेली काडी किंवा कडब्याची पातळ काडी मातीत चार बोटं खोल खुपसा, पाच मिनिटांनी काढा. काडी ओलसर, माती चिकटलेली आली तर थांबा. कोरडी आली तर पाणी घाला, बुडातून थोडं येईपर्यंत, आणि बशीतलं पाणी अर्ध्या तासात ओतून द्या. मे महिन्यात ही वेळ दोन-तीन दिवसांनी येते, डिसेंबरात आठ-दहा दिवसांनीही येत नाही. थंडीत उन्हाळ्याच्याच सवयीने पाणी घातलं की मुळं कुजतात. कुजलेली मुळं काळी, मऊ असतात, वास मारतात, ओढली की साल हातात येते. निरोगी मुळं फिकट आणि टणक.

पाणी कसलं घालता, हेही बघा

बोअरचं पाणी आपल्याकडे जड. दख्खनच्या काळ्या खडकातून येताना ते चुना आणि मॅग्नेशियम घेऊन येतं. बादलीला, गिझरला पांढरा थर बसतो, तोच कुंडीच्या कडेला आणि मातीवर बसतो. मातीतले क्षार वाढले की पानांच्या कडा जळतात, आणि माती विम्ल, म्हणजे आम्लाच्या उलट गुणाची, झाली की त्यात लोह असूनही झाडाला ते घेता येत नाही. मघाशी म्हटलेली हिरव्या शिरांची पिवळी कोवळी पानं याच कारणाने येतात. जालन्याकडच्या मोसंबीवाल्यांना ही खूण दाखवायला नको, चुनखडीच्या रानात त्यांच्या झाडांनाही तेच होतं. अशा मातीत नुसतं हिराकस (फेरस सल्फेट) घालून फायदा होत नाही, ते लवकरच निकामी होतं. खताच्या दुकानात चिलेटेड, म्हणजे दुसऱ्या रेणूत बांधून ठेवलेलं, लोह मिळतं. त्यातलं ईडीडीएचए लिहिलेलं घ्या, ते विम्ल मातीतही काम करतं. प्रमाण पाकिटावर असतं तेवढंच घ्या.

दोन पाणी मात्र कुंडीत कधीच घालू नका. एक, आरओ फिल्टरचं वाया जाणारं पाणी. गाळून बाजूला काढलेले सगळे क्षार त्यातच असतात. ते फरशी पुसायला वापरा. दुसरं, कूलरच्या टाकीत उरलेलं पाणी. उन्हाळाभर टाकीतलं पाणी उडत राहतं आणि क्षार मागे राहतात, वाळ्याच्या जाळीवर पांढरी खरपुडी धरते ती त्याचीच. पाणी वाया जाऊ नये म्हणून लोक हेच पाणी मोठ्या मायेने झाडांना घालतात, आणि महिन्याभरात पानांच्या कडा करपतात. याउलट एसीच्या नळीतून ठिबकणारं पाणी जवळजवळ क्षाररहित असतं. ते बाटलीत धरा, खोलीइतकं कोमट होऊ द्या आणि खुशाल घाला. धरणातून येणारं नळाचं पाणी बोअरपेक्षा बरं. उघड्या बादलीत रात्रभर ठेवलं की क्लोरिनही बराचसा उडून जातो.

मातीत साठलेले क्षार धुवायला सगळ्यात चांगलं पावसाचं पाणी. मृगानंतर चांगला पाऊस लागला की कुंडी दोन-चार तास पावसात ठेवा, बुडातून पाणी वाहून जाऊ द्या, आणि ऊन पडण्याआधी जागेवर परत आणा. एवढ्या थोड्या वेळासाठी हलवलेलं झाड रागावत नाही.

कूलर

खोलीत कूलर असणं फायकसला मानवतं, कारण हवेत दमटपणा येतो. झोतासमोर असणं मानवत नाही. कूलरच्या किंवा एसीच्या वाऱ्याने पानं सतत हलत असतील तर झाड त्या रेषेतून बाजूला घ्या. ही एक हलवणी करावीच लागते, आणि ती कूलर सुरू करण्याच्या आधी केलेली बरी. थंडीत हाच विचार रात्रीच्या उघड्या खिडकीचा. परभणीकडे थंडीच्या लाटेत पारा सहा-सात अंशांच्याही खाली उतरतो. अशा रात्री खिडकी लावा आणि पानं काचेला टेकू देऊ नका.

पानांवर पाणी फवारण्याचा फार उपयोग होत नाही. आपल्या कोरड्या हवेत ते काही मिनिटांत उडतं आणि जड पाणी असेल तर पांढरे डाग मागे ठेवतं. त्यापेक्षा आठवड्यातून एकदा ओल्या मऊ फडक्याने पानं दोन्ही बाजूंनी पुसा. धूळ जाते, आणि मागच्या बाजूची कीड लवकर नजरेस पडते.

माती आणि कुंडी

रोप येतं लाल मातीच्या घट्ट गोळ्यात, आणि आपण भोवती भरतो काळी माती. दोन्हींची चाल वेगळी. बाहेरची माती ओली राहते, आतला गोळा सुकतो, किंवा उलट. कुंडी बदलायचीच असेल तर जून-जुलैत बदला, उन्हाळ्यात आणि पानगळ चालू असताना नाही. जुन्या कुंडीपेक्षा दोन इंचच मोठी घ्या. गोळ्याची बाहेरची माती बोटांनी मोकळी करा, गोल गोल फिरलेली मुळं सोडवा. दोन भाग लाल किंवा पोयट्याची माती, एक भाग धुतलेलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), एक भाग जाड वाळू आणि एक भाग पूर्ण कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत. काळी माती टाळा. बुडाच्या भोकावर एक खापर पुरे. विटांच्या तुकड्यांचा थर दिल्याने निचरा सुधारत नाही, उलट ओल मुळांजवळ चढते. भोक नसलेल्या शोभेच्या कुंडीत झाड थेट लावू नका, आत साधी कुंडी ठेवा.

वेणी घातलेल्या खोडाचा फायकस असेल तर एक गोष्ट जरूर तपासा. ती एक वेणी म्हणजे तीन-चार वेगळी झाडं असतात, आणि रोपवाटिकेत बांधलेली प्लॅस्टिकची पट्टी खोड जाड झालं की सालीत रुतते. एकाच बाजूच्या फांद्या वाळत असतील तर आधी ती पट्टी शोधा आणि जपून कापा. चीक हाताला लागू देऊ नका, काहींच्या कातडीला खाज सुटते. घरात मांजर किंवा कुत्रं असेल तर पडलेली पानं लगेच उचला. चावली तर त्यांना त्रास होतो.

फरशी चिकट लागली तर

झाडाखालची फरशी चिकट, पानांवर तेलकट चकाकी, खोडावर मुंग्यांची रांग: ही खवले कीड किंवा पिठ्या ढेकूण. पिठ्या ढेकूण ही कपाशी आणि सीताफळवाल्यांच्या ओळखीची पांढरी कापसासारखी कीड, ती पानांच्या बेचक्यात बसते. थोडी असेल तर जुन्या टूथब्रशने साबणाच्या पाण्यात घासून काढा. मग लिटरभर पाण्यात ५ मिली निंबोळी तेल आणि थोडा पातळ साबण घालून संध्याकाळी फवारा, पानांच्या मागूनही. सात-दहा दिवसांच्या अंतराने तीन वेळा तरी करावं लागतं, कारण अंडी एका फवारणीत मरत नाहीत. भर उन्हात तेल फवारलं तर पानं भाजतात. एप्रिल-मेमध्ये पानांच्या मागे बारीक जाळी आणि वर फिकट ठिपके दिसले तर लाल कोळी आहे. झाड न्हाणीघरात नेऊन पानांच्या मागच्या बाजूने जोरात पाणी मारा. शेंगेसारखी दुमडलेली पानं तोडून पिशवीत बांधून टाका.

पानं गेली, आता?

अर्धं झाड रिकामं झालं तरी घाई नको. खत बंद. पाणी कमी, कारण पानंच नाहीत तर पाणी ओढणार कोण? पानं गेल्यावर दयेपोटी जास्त पाणी घालून झाड मारलं जातं, पानगळीने मेलेली झाडं त्यामानाने थोडी. जागा चांगल्या उजेडाची असेल तर झाड तिथेच राहू द्या. फांदीची साल नखाने हलकेच खरवडा: आत हिरवं आणि ओलसर दिसलं तर फांदी जिवंत आहे, चार-सहा आठवड्यांत डोळे फुगतील. तपकिरी, कोरडी असेल तर हिरवं लागेपर्यंत खाली खाली कापत या. नवी पानं पुरती उघडली की मग महिन्यातून एकदा पातळ खत सुरू करा, आणि ऑक्टोबरअखेर थांबवा.

खोड मातीजवळही आतून तपकिरी आणि मऊ निघालं तर झाड गेलं. ती माती दुसऱ्या कुंडीत वापरू नका, कुंडी धुऊन दोन दिवस उन्हात पालथी घाला. आणि जिवंत पण मोठा झालेला फायकस घरात मावेनासा झाला म्हणून भिंतीला लागून अंगणात लावणार असाल तर पाया, पाण्याची टाकी आणि नळाच्या वाटेपासून तो लांब लावा. जमिनीत गेलेली त्याची मुळं फरशा उचलून टाकतात.